नडगीचं हाड जुळत नाही आणि पूही थांबत नाही, तेव्हा

‘डॉक्टर, दोन ऑपरेशनं झाली, वर्ष उलटलं, तरी नडगीतून पू येतोच आहे. आता पाय कापायचा का?’ हा प्रश्न मला इंदूरहून येतो, बडोद्याहून येतो, बेळगावहूनही येतो. विचारणारा बहुतेक वेळा घरातला कमावता माणूस असतो. म्हणून आज एवढंच बोलू.

नडगी पुढून चाचपून बघा. कातडीखाली लगेच हाड लागतं, मध्ये स्नायू नाही. अपघातात ते चटकन उघडं पडतं, आत माती जाते, आणि तिथला रक्तपुरवठा मुळातच बेताचा. रक्त तुटलेला तुकडा मरतो. त्या मेलेल्या हाडावर आणि आतल्या प्लेटवर, रॉडवर जंतू चिकट थर करून बसतात. अँटिबायोटिक रक्तातून जातं. जिथे रक्तच नाही तिथे ते पोचणार कसं? म्हणून गोळ्या चालू असताना पू कमी होतो, थांबवल्या की पुन्हा येतो. नुसत्या गोळ्या बदलत वर्षं घालवण्यात काही अर्थ नाही.

इलाज सुरू होतो तो मेलेलं हाड काढून टाकण्यापासून. तब्येत बरी असेल तर त्याआधी साधारण दोन आठवडे अँटिबायोटिक बंद ठेवतो आणि ऑपरेशनमध्ये आतून, हाडाजवळून तीन-चार नमुने तपासणीला पाठवतो. जखमेच्या तोंडावरचा पू तपासला तर भलतेच जंतू सापडू शकतात. हाड किती काढायचं? कडेवर रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत. इथे हात आखडता घेतला की पुढचं सगळं फुकट.

मग पाच-सहा सेंटिमीटरची पोकळी उरते, आणि नातेवाईक घाबरतात. ती भरण्याची युक्ती सैबेरियातल्या कुर्गान गावी गव्रील इलिझारोव्ह या डॉक्टरांनी 1950च्या दशकात विकसित केली. पायाभोवती धातूच्या रिंगा, त्यांना ताणून बसवलेल्या तारा. गुडघ्याजवळचं निरोगी हाड मुद्दाम कापायचं, आठवडाभर थांबायचं, आणि मग तो तुकडा रोज एक मिलिमीटर खाली सरकवायचा. तोही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. नट पेशंट स्वतः फिरवतो. तुकडा पुढे सरकतो, मागे नवं हाड तयार होतं. इटलीचे गिर्यारोहक कार्लो मौरी वर्षानुवर्षं बरा न झालेला पाय घेऊन 1980मध्ये कुर्गानला गेले, तेव्हा कुठे पश्चिमेकडच्या सर्जननी याकडे नीट लक्ष दिलं!

पोकळीत आधी अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट भरून, सहा-आठ आठवड्यांनी कमरेचं हाड घालण्याची पद्धतही चांगली आहे. कोणती निवडायची ते पोकळी आणि कातडी पाहून ठरतं.

वेळेबद्दल मी आधीच स्पष्ट सांगतो. सहा सेंटिमीटर सरकायला दोन महिने, पण नवं हाड पक्कं व्हायला त्याहून कितीतरी जास्त. रिंग नऊ महिने किंवा अधिकही राहू शकते. तेवढ्या काळाच्या पगाराचा, घरखर्चाचा विचार ऑपरेशनआधी करा. आणि तळपायाची संवेदना गेली असेल, रक्तवाहिन्या निकामी असतील, तर पाय काढून चांगला कृत्रिम पाय बसवणं हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो.

रिंग असताना डॉक्टरांनी सांगितलं तेवढा भार देऊन चालायचं. तारांभोवतीची जागा स्वच्छ ठेवायची, घोट्याचा व्यायाम चुकवायचा नाही, नाहीतर पाऊल खाली झुकून आखडतं. शुगर ताब्यात हवी. विडी, सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद, कारण त्यानं नवं हाड धरत नाही. आणि हो, पायजम्याची बाहेरची शिवण उसवून वेल्क्रो लावून घ्या, रिंगेवरून सहज घालता येतो.