रंगवलेली लाकडी जमीन, खिशाला परवडेल अशी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

घराच्या दुरुस्तीबद्दल सल्ला विचारायला येणारी मंडळी हल्ली मोबाइलवर एक चित्र हमखास दाखवतात. पांढऱ्या किंवा फिकट निळ्या रंगाच्या लाकडी फळ्यांची जमीन, वर उन्हाचा कवडसा. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘असं आपल्याकडे होईल का? आणि परवडेल का?’ दोन्हींचं उत्तर ‘हो’ असं आहे, पण पावसाळ्याला विचारून!

मुळात ही जमीन श्रीमंती थाटाची नव्हेच. उत्तर युरोपात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात पाइनचं मऊ, स्वस्त लाकूड जमिनीला वापरत. ते झिजे, डागाळे. म्हणून त्यावर रंग चढवत. ज्यांना तेही नको असे, ते शिडाच्या जाड कापडावर तेलरंगाचे थर देऊन, चौकटी रंगवून ते अंथरत. अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत अशी कापडं घरोघर होती. पुढे १८६३ साली फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने जवसाच्या तेलापासून बनवलेल्या लिनोलियमचं पेटंट घेतलं आणि कापडं मागे पडली. म्हणजे काटकसर हाच या शोभेचा उगम आहे. आपण कमी खर्चात ती केली, तर संकोच वाटण्याचं कारण नाही.

आता आपल्या पायाखाली काय आहे ते पाहू. वाड्याची माडी किंवा जुन्या चाळीतली खोली असेल, तर खऱ्या फळ्या मिळण्याचा संभव आहे. बाकी बहुतेकांकडे कोबा, शहाबादी, मोझेक लादी नाहीतर गुळगुळीत टाइल. प्रत्येकीची वाट वेगळी.

खऱ्या फळ्या असतील तर आधी वाळवी लागली आहे का ते तपासा, सैल फळ्या सुताराकडून बसवून घ्या, वर आलेले खिळे ठोका. मग घासून, पुसून, प्राइमर आणि जमिनीसाठीच्या रंगाचे दोन पातळ हात. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही कायदेशीर मर्यादा आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही. असा जुना थर कोरडा घासला तर त्याची धूळ घरभर होते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक असतं. म्हणून पाणी मारून, ओलं ठेवूनच घासा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा आणि केर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

कोबा असेल तर त्यावर फळ्यांचा आभास रंगाने उभा करता येतो. पण आधी ओल तपासा. दोन फूट चौरस प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसरात्र ठेवा. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली, तर ओल खालून चढते आहे. तिथे कोणताही रंग पोपडे धरणारच. आधी ओलीचा बंदोबस्त हवा. ही परीक्षा पावसाळ्यात घेतलेली उत्तम.

कोबा नवा असेल तर निदान २८ दिवस थांबा. ताज्या सिमेंटमध्ये तीव्र अल्कली असते. ऑइल पेंटमधल्या तेलाशी तिचा संयोग झाला की चक्क साबण तयार होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. म्हणून सिमेंटवर दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी रंग बरा. मात्र थेट ऊन येणाऱ्या जागी तो पिवळा पडतो. तिथे वरचा हात पॉलियुरेथेनचा द्यावा. भिंतीचा उरलेला रंग जमिनीला लावू नका, तो पायाखाली टिकत नाही. मोझेकवर मेण असेल तर ते पूर्ण काढा आणि टाइलवर तिला धरणारा खास प्राइमर लावा, नाहीतर रंग नखाने निघेल.

फळ्या दाखवायला मूळ रंग वाळल्यावर चार-पाच इंचांवर खोलीच्या लांबीने समांतर रेघा आखा. मास्किंग टेप लावून त्या गडद छटेने बारीक भरा. फळ्यांचे आडवे जोड एका रेषेत आणू नका, मागेपुढे ठेवा. जवळजवळ कोरड्या ब्रशने हलके ओढले की लाकडाचे रेषे उमटतात.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट. दोन हातांचे २४०. डब्यावर लिटरला ८० चौरस फूट लिहिलं असेल, तर ३ लिटर रंग पुरेल. प्राइमर वेगळा धरा. मजुरी वाचवायची तर हे काम घरच्यांना जमण्यासारखं आहे.

घर भाड्याचं असेल तर जमिनीला हातच लावू नका. लाकडाच्या छपाईचं व्हिनाइल न चिकटवता नुसतं अंथरा. पावसाळ्यात अधूनमधून उचलून खालची जमीन कोरडी करा. किंवा जाड कॅनव्हासवर जुन्या पद्धतीने फळ्या रंगवा; घर बदलताना गुंडाळून नेता येतील. त्याखाली न सरकणारी जाळी मात्र घाला. लॅमिनेटच्या पट्ट्या दिसतात छान, पण त्यांच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुसा असतो, साचलेल्या पाण्याने तो फुगतो. ओलसर तळमजल्यावर त्या टाळलेल्या बऱ्या.

शेवटी दोन सूचना. रंगवलेली जमीन ओली झाली की निसरडी होते. घरात आजी-आजोबा असतील तर शेवटच्या हातात बारीक चाळलेली वाळू मिसळा आणि न्हाणीघराच्या दारापुढचा भाग रंगवूच नका. दुसरं म्हणजे घाई नको. रंग एका दिवसात वाळल्यासारखा वाटतो, पण पुरता कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. तोवर कपाट, पलंग बाहेरच असू द्या.