अडलेल्याची जमीन : खरेदीपूर्वी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले म्हसावद हे शहादे तालुक्यातील मोठे गाव. उत्तरेस डोंगररांगा आणि दक्षिणेस तापीकाठापर्यंत पसरलेली काळी कसदार जमीन, यांमुळे या परिसरात कापूस, ऊस, केळी, पपई यांसारखी पिके घेतली जातात. जेथे जमीन चांगली असते, तेथे तिच्यावर अनेकांची नजर असते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. पाणी आणि रस्ते आले की जमिनीचा भाव वाढतो आणि गावोगाव खरेदी-विक्रीतील मध्यस्थ दिसू लागतात. अडचणीत सापडलेल्या खातेदाराची जमीन शोधावयाची, त्याच्याशी कमी भावात इसार करावयाचा आणि खरेदीखत होण्यापूर्वीच तो व्यवहार दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हवाली करून मधला नफा घ्यावयाचा, असा हा उद्योग आहे. अमेरिकेत घरांच्या बाबतीत त्याला धंद्याचे स्वरूप आले असून आपल्याकडेही काही तरुण त्याकडे वळत आहेत.

या धंद्यात नव्याने पडणाऱ्याने, त्याच्याकडून जमीन घेणाऱ्याने आणि विशेषतः ज्याची जमीन जाणार आहे त्या खातेदाराने काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे. नंदुरबार जिल्ह्यात ही आवश्यकता अधिकच आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येपैकी ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि आदिवासींच्या जमिनीला कायद्याने खास संरक्षण दिलेले आहे.

अडचण कशी ओळखली जाते?

जमीन अडचणीत आहे हे कळण्यास फार मोठी हेरगिरी लागत नाही. गावच्या महसुली दप्तरातच त्याच्या खुणा असतात. सात-बारा उताऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात विविध कार्यकारी सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा नोंदलेला असतो. एकामागून एक बोजे चढलेले असतील आणि त्यांतील एकही उतरला नसेल, तर खातेदार थकबाकीत असण्याचा संभव असतो. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत वारसांचे वाद, वाटणीचे तंटे आणि हरकती दिसून येतात. आजोबा वारून कित्येक वर्षे लोटली तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव असणे, हीही अडचणीचीच खूण होय. शेतसाऱ्याची किंवा सहकारी कर्जाची वसुली थकली की जप्ती-लिलावाच्या नोटिसा चावडीवर लागतात आणि वृत्तपत्रांत जाहीर सूचना प्रसिद्ध होतात.

बँकांच्या लिलावांविषयी एक गैरसमज आढळतो. २००२ च्या केंद्रीय कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार दिला. परंतु शेतजमिनीवरील तारण त्या कायद्यातून वगळलेले आहे. त्यामुळे शहरातील सदनिकेचा लिलाव पाहून शेताचाही तसाच लिलाव होईल, अशी अपेक्षा धरणे चुकीचे ठरते. सहकारी संस्थांची शेतीकर्जाची वसुली १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील वेगळ्या कार्यपद्धतीने होते.

या खुणा वाचता येणे हे कौशल्य आहे. तथापि उताऱ्यावरील बोजा ही एका कुटुंबाची हकीगत असते, हे विसरता कामा नये. आजारपण, लग्नकार्य, बुडालेला हंगाम, पंपाचे थकलेले बिल यांपैकी काहीतरी त्या नोंदीमागे असते. घाईत असलेला विकणारा आणि सवडीने वागणारा घेणारा यांच्यातील सौदा समान पातळीवरचा नसतो.

इतिहासाचा धडा

शहादे परिसराने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. इंग्रजी अमदानीत जमिनीची मोजणी होऊन शेतसारा रोखीने ठरला आणि जमीन विकता व गहाण ठेवता येण्याजोगी वस्तू बनली. रोख पैशाची सवय नसलेल्या भिल्ल कुटुंबांना सारा भरण्यासाठी आणि पावसाळ्यातील खावटीसाठी सावकाराचे दार गाठावे लागे. कर्जाचे व्याज फिटत नसे आणि जमीन मात्र फिटून जाई. कालांतराने पूर्वीचा खातेदार त्याच शेतात सालदार म्हणून राबताना दिसू लागला. अडचणीतील जमीन हेरण्याचा धंदा त्या काळीही होता. त्याला केवळ नाव निराळे होते.

या स्थितीविरुद्ध अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना संघटित केले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहादे येथे भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उदयास आली. राज्य शासनानेही आदिवासींच्या जमिनींच्या हस्तांतरणाचा अभ्यास करण्यासाठी १९७१ मध्ये एक समिती नेमली होती. तिचा अहवाल १९७२ मध्ये सादर झाला आणि त्यातून दोन महत्त्वाचे कायदे साकार झाले.

दोन कायदे, दोन कालखंड

पहिल्या कायद्याने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ‘३६-अ’ हे कलम घातले गेले. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही मार्गाने पूर्वमंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत होणारी विक्रीही या बंधनात येते. पाच वर्षांपर्यंतच्या गहाणास किंवा भाडेपट्ट्यास जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. अन्य सर्व व्यवहारांत जिल्हाधिकाऱ्यांना राज्य शासनाची पूर्वमान्यता घ्यावी लागते. त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या परिसरात राहणारा कोणी आदिवासी ती जमीन घेण्यास तयार नाही, अशी खात्री पटल्याशिवाय मंजुरी देता येत नाही. अनुसूचित क्षेत्रातील गावांत ग्रामसभेची पूर्वसंमतीही आवश्यक करण्यात आली आहे. शहादे तालुक्याचा काही भागच अनुसूचित क्षेत्रात असल्याने प्रत्येक गावाबाबत हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. कलम ३६-अ मात्र गाव अनुसूचित क्षेत्राबाहेर असले तरी लागू होते.

दुसरा कायदा मागील व्यवहारांसंबंधी आहे. अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याविषयीचा १९७४ चा हा अधिनियम १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या शेतजमिनी, मूळ खातेदार स्वतः जमीन कसण्याची हमी देत असल्यास, परत करण्याची तरतूद त्यात आहे. त्यासाठी आदिवासीने जमिनीच्या आकारणीच्या ४८ पट रक्कम आणि केलेल्या सुधारणांचे मूल्य द्यावयाचे असते. ही रक्कम जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्त्यांत देता येते. उदाहरणार्थ, आकारणी पाच रुपये असेल तर मूळ रक्कम केवळ २४० रुपये होते. या कायद्यास आव्हान देण्यात आले. तथापि डिसेंबर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिंगाप्पा पोचन्ना आप्पेलवार यांच्या खटल्यात तो वैध ठरविला. दुर्बळाच्या संरक्षणासाठी असमान सौदे मोडण्याचा अधिकार राज्याला आहे, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

मध्यस्थांच्या दृष्टीने यातील मर्म असे की, जमीन दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेल्याने मूळ दोष धुऊन निघत नाही. १९७४ च्या अधिनियमात ‘बिगर-आदिवासी घेणारा’ या संज्ञेत त्याच्या पश्चात हक्क मिळविणाऱ्यांचाही समावेश आहे.

काही जण आदिवासी सालदाराच्या नावे जमीन घेऊन पैसा मात्र स्वतःचा घालतात. असा व्यवहार बेनामी ठरू शकतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी एक ते सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय ती मालमत्ता सरकारजमा होते.

उताऱ्यावर आणखी काय पाहावे?

आदिवासी खातेदार नसला तरी जमीन निर्वेध असतेच असे नाही. उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ अशी नोंद असेल, तर सामान्यतः सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. प्रकल्पबाधितांना पुनर्वसनासाठी किंवा भूमिहीनांना वाटपात मिळालेल्या जमिनींनाही अटी असतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, परंतु तो विकता येत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत ही बाब विशेष लक्षात ठेवावी. याखेरीज कुळकायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीस परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही आणि तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याच्या व्यवहारावर निर्बंध येतात.

इसारपावतीचे सामर्थ्यही अनेकदा वाजवीपेक्षा अधिक मानले जाते. साठेखत हा पुढे खरेदी करण्याचा करार असतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार त्याने मालकी येत नाही. मुखत्यारपत्रावर जमिनी फिरविण्याच्या प्रथेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले की, अशा कागदांनी स्थावर मालमत्तेची मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. म्हणून केवळ इसाराच्या बळावर दुसऱ्याकडून पैसे घेणारा मध्यस्थ स्वतःजवळ नसलेली वस्तू विकण्याच्या जवळ पोहोचलेला असतो. त्याने निदान तिन्ही पक्षांना व्यवहाराचे खरे स्वरूप आणि स्वतःचा नफा लेखी कळविला पाहिजे. अडलेल्या माणसाच्या असहायतेचा लाभ उठवून केलेला करार ‘अनुचित प्रभाव’ या कारणास्तव रद्द करवून घेता येतो, हेही त्याने ध्यानी ठेवावे.

खातेदारापुढील मार्ग

जमीन विकणे हा अडचणीवरचा शेवटचा उपाय असावा. सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असल्यास २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते. चौकशीत व्यवहार सावकारीचा असल्याचे सिद्ध झाल्यास तो अवैध घोषित करून जमीन परत देण्याची तरतूद त्यात आहे. अनुसूचित जातिजमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला असून त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो.

विकणे अटळच झाले, तर खातेदाराने काही पथ्ये पाळावीत. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. वारसांची, त्यांत घरच्या लेकी-सुनांचीही, नोंद आधी पूर्ण करून घ्यावी. आजूबाजूचे भाव स्वतः विचारावेत. पैसे बँक खात्यातूनच घ्यावेत आणि दुय्यम निबंधकासमोर जाण्यापूर्वी दस्त पूर्ण वाचून घ्यावा अथवा विश्वासातील सुशिक्षिताकडून वाचवून घ्यावा. खरेदीनंतर फेरफाराची नोटीस निघते व हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. फसवणूक झाली असल्यास ही मुदत दवडू नये.

घेणाऱ्यानेही तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, जाऊन जुने फेरफार पाहावेत, निबंधक कार्यालयात शोध घ्यावा आणि प्रत्यक्ष शेतावर जाऊन कोण कसतो ते विचारावे. स्वस्त मिळालेली जमीन पुढे महाग पडू नये, हा त्यामागील हेतू आहे. म्हसावदसारख्या गावात जमिनीचा एक तुकडा म्हणजे एका कुटुंबाचा वर्षभराचा घास असतो. तो घास कायद्याने राखला गेला आहे. व्यवहार करणाऱ्यांनी तो माणुसकीनेही राखला, तर गावच्या चावडीवरील तंटे निश्चितच कमी होतील.