नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल फिरायचंय? नकाशावरची प्रत्येक वाट खुली नसते

गोंदिया : पाऊस ओसरला की नवेगावबांधच्या पाळीवर गाड्या दिसू लागतात. कुणी तलाव पाहून परततं, तर कुणी मोबाईलवर नकाशा उघडून जंगलातली बारीक वाट धरतं. गोची तिथंच होते.

आधी तलावाबद्दल. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे सुमारे 11 चौरस किलोमीटरचं पाणी निसर्गाने साठवलेलं नाही, माणसांनी अडवलेलं आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या मधल्या जागा बांधून तो उभा केला, असं सांगितलं जातं. कोहळी समाज म्हणजे तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे शेतकरी. भंडारा-गोंदियात जागोजागी दिसणारे मालगुजारी तलाव आणि बोड्या अशाच लोकांच्या कष्टाच्या. हिवाळ्यात या पाण्यावर परदेशी पाखरं उतरतात. राज्यात सारस उरलाय तो मुख्यतः याच जिल्ह्याच्या धानबांध्यांत. मारुती चितमपल्लींची वनखात्यातली बरीच वर्षं इथंच गेली.

आता जंगल. नागझिरा अभयारण्य 1970 चं, नवेगाव राष्ट्रीय उद्यान 1975 चं. कोका आणि इतर भाग जोडून डिसेंबर 2013 मध्ये त्यांचा व्याघ्र प्रकल्प झाला. 2023 च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. त्यामुळे 'इथं वाघ कुठं दिसतो' हे जुनं बोलणं आता विसरलेलं बरं.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 27 नुसार अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू. सूट आहे ती आत हक्काची जमीन असलेल्यांना आणि सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्यांना. म्हणजे डांबरी रस्त्याने दुसऱ्या गावाला जाताना कुणी अडवणार नाही, पण त्याच रस्त्यावरून बाईक कच्च्या वाटेवर वळवली की गुन्हा. 'आमच्या बापजाद्यांची वाट आहे' हे म्हणणं खरं असलं तरी नाक्यावर चालत नाही. ज्यांचा खरोखरच जुना हक्क आहे, त्यांनी तो ग्रामसभेतून वनहक्क कायद्याखाली मांडावा.

फिरायचंच असेल तर चोरखमारा, पिटेझरीसारख्या प्रवेशद्वारांवरून नोंदणी करून, गाईड सोबत घेऊन जावं. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, मुख्य जंगल बंद असतं. गाडीतून उतरायचं नाही. गाईड बहुतेक लगतच्याच गावचे असतात, तेव्हा फीचे पैसेही इथंच राहतात.

सगळ्यात जास्त धोका मात्र गेटच्या बाहेर आहे. नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधून राष्ट्रीय महामार्ग 53 जातो आणि जनावरं रात्री तो ओलांडतात. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया-कोहमारा मार्गावर मुर्दोलीच्या जंगलात गाडीच्या धडकेने जखमी झालेला वाघ वाचला नाही. रानडुक्कर किंवा चितळ आडवं आलं तर दुचाकीवाला वाचेलच असं नाही. रात्री या पट्ट्यात वेग कमी ठेवा आणि एक जनावर गेलं की लगेच गाडी दामटू नका, मागे दुसरं असतं.

मोहफुलांच्या दिवसांतली गोष्ट वेगळी. पहाटे वाकून फुलं वेचणारा माणूस वाघाला चारपायी जनावरासारखा वाटू शकतो. उजाडल्यावर, तिघं-चौघं मिळून, बोलत जावं. झाडाखालचा पाला जाळू नये, झाडून घ्यावा किंवा जुनं लुगडं अंथरावं. त्याच आगीत पुढच्या महिन्याचा तेंदूपत्ता जातो.

वणवा, जखमी जनावर किंवा गावालगत वाघ दिसल्यास वनविभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर कळवता येतं. जंगलात रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून निघण्याआधी कुठल्या वाटेने जाताय आणि कधी परतणार ते घरी सांगून निघा.