पुराच्या पाण्यात पहिला हात शेजाऱ्याचा



मृग निघाला की माळावरचा शेतकरी आभाळाकडे बघतो, आणि नदीकाठचा शेतकरी आभाळाबरोबर नदीकडेही बघतो. आडसालीच्या सऱ्या सोडायच्या, बेणे ठरवायचे, खताची तजवीज करायची, ही कामे चालू असतानाच ‘धरणातून किती पाणी सुटलं?’ ही चौकशी सुरू होते. पूर्वी जुनी माणसे पुराला दोन दिवसांचा पाहुणा समजत. पाणी यायचे, गाळ टाकून जायचे, आणि त्या गाळावर पुढचे पीक जोमाने यायचे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन सालांनी ही समजूत पार धुऊन नेली.

पुराची सगळी कहाणी पुन्हा सांगण्याचा आमचा हेतू नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या लोकांनी ती अंगावर सोसलेली आहे. संकटात माणूस माणसाच्या उपयोगी कसा पडतो, कुठे कमी पडतो, आणि समुद्रकाठच्या लोकांनी वादळाशी झुंजताना जे शिकून घेतले त्यातले आपण काय घ्यावे, याचा विचार पाऊस सुरू होण्याआधी व्हावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

२०१९ चा ऑगस्ट

त्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. तिथे कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. २००५ च्या महापुराची खूणसुद्धा पाण्याखाली गेली. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत जाते. म्हणून शिरोळ तालुक्यात पाऊस थांबला तरी पाणी उतरेना. पश्चिम महाराष्ट्रात चार लाखांहून अधिक माणसांना घर सोडून बाहेर पडावे लागले.

लष्कर आले, नौदल आले, आपत्ती दलाच्या तुकड्या आल्या, आणि त्यांनी फार मोठे काम केले. पण त्या येईपर्यंतचे पहिले तास कोणी निभावले? शेजाऱ्यांनी. गल्लीतल्या तरण्या पोरांनी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून म्हाताऱ्या माणसांना चढावरच्या गावात नेले. तालीम मंडळांनी आणि महिला बचत गटांनी चुली पेटवल्या. पुणे-बेंगळूरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि मालमोटारींच्या रांगा दिवसेंदिवस जागेवर उभ्या राहिल्या. त्या परप्रांतीच्या ड्रायव्हर-क्लीनरना आसपासच्या गावांनी जेवू घातले. साखर कारखान्यांच्या आवारात माणसांच्या आणि जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या. कुणी कुणाची जात विचारली नाही, गट विचारला नाही, निवडणुकीतला झेंडा विचारला नाही. हे आपल्या भागाचे मोठेपण आहे आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

नुसत्या धीराने भागत नाही

पण त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची घटना घडली. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरचे हे गाव. ८ ऑगस्ट २०१९ रोजी गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा बळी गेला. त्यांत बायका आणि लहान मुले अधिक होती. बोटीत तिच्या बेतापेक्षा जास्त माणसे बसली होती. यात कुणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. पाणी दारात आल्यावर आई आपल्या लेकराला घेऊन पहिल्याच बोटीत बसणार, यात नवल काय? दुसरी बोट येईल याचा भरवसा नसला की पहिल्या बोटीत गर्दी होतेच.

आम्हाला यातून एकच गोष्ट दिसते. धीर होता, माया होती, बोटही होती. नव्हती ती आधीची तयारी. किती माणसे, कोणती आधी, अंगात जाकीट कोणाच्या, दोर कोणाच्या हातात, हे पाणी चढल्यावर ठरत नसते.

याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळात महापूर आला. तिथल्या मच्छीमारांनी आपल्या होड्या मालमोटारींवर चढवल्या आणि समुद्रापासून दूर आतल्या गावांत नेऊन पुरात घातल्या. सुमारे ६७० होड्या आणि साडेचार हजार मच्छीमार या कामात होते. त्यांनी सुमारे ६५ हजार माणसे बाहेर काढली. होडीत चढता येत नव्हते अशा बायकांसाठी एक मच्छीमार पाण्यात ओणवा झाला आणि त्याच्या पाठीची पायरी करून त्या वर चढल्या. ते चित्र देशभर गाजले. परंतु नुसता मोठ्या मनाचा विचार करून चालणार नाही. त्या लोकांना पाण्याची ओढ कळत होती, होडी किती भार सोसते ते ठाऊक होते, आणि चौघांनी मिळून एका होडीवर काम करण्याची रोजची सवय होती. रोजचे एकत्र काम हीच त्यांची तालीम.

समुद्रकाठचा धडा

आता वादळाचे बघू. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. समुद्राची लाट जगतसिंगपूर जिल्ह्यातल्या एरसमा भागात कितीतरी आतपर्यंत शिरली. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर पक्क्या निवाऱ्याच्या इमारती बांधल्या. एरवी तिथे शाळा भरते, वादळात गाव येऊन राहते. गावोगाव स्वयंसेवक तयार केले, वर्षातून ठरावीक दिवशी रंगीत तालीम घेतली. २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख माणसे आधीच हलवली गेली. ३ मे २०१९ रोजी फनी वादळ आले तेव्हा सुमारे बारा लाख हलवली, आणि या कामी चाळीस हजारांवर स्वयंसेवक राबले. फनीत ओडिशात ६४ माणसे दगावली. तीही वाईटच गोष्ट. पण कुठे दहा हजार आणि कुठे चौसष्ट!

शेजारच्या बांगलादेशाची गोष्ट याहून जुनी आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला वादळाने निदान तीन लाख माणसांचा घास घेतला. त्यानंतर १९७२ पासून तिथे रेड क्रॉसच्या मदतीने गावच्या स्वयंसेवकांची साखळी उभी राहिली. पगार नाही, मानधन नाही. एका तुकडीत वीस जण, दहा पुरुष आणि दहा बायका. कुणाकडे इशारा देण्याचे काम, कुणाकडे निवाऱ्यात नेण्याचे, कुणाकडे सुटकेचे, कुणाकडे प्रथमोपचाराचे. इशारा वाढत जाईल तसे एक, दोन, तीन झेंडे चढतात, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही कळते. आज या साखळीत ७६ हजार स्वयंसेवक आहेत. १९९१ च्या वादळात बायका फार गेल्या, कारण घरधनी आल्याशिवाय त्यांनी घर सोडले नाही. म्हणून बायकांना उठवायला बाई असली पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

आणखी एक गोष्ट तर आपल्या काळजाला भिडणारी. तिथे मातीचे उंच टेकाड रचून त्याला ‘किल्ला’ म्हणतात. ते जनावरांसाठी. गाय-म्हैस सुरक्षित झाल्याशिवाय शेतकरी हलत नाही, हे तिथल्या लोकांनी अनुभवाने जाणले. आपल्याकडे २०१९ मध्ये हेच झाले. “माणसं न्याल हो, पण गोठ्यातल्या दोन म्हशींचं काय?” असे म्हणत कितीतरी लोक माळवदावर बसून राहिले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढू लागले, तेव्हा शिरोळकडच्या पुष्कळ गावांनी जनावरे आधी बाहेर काढली आणि माणसे त्यांच्यामागून निघाली. शहाणपण असे येते.

मदत द्यावी, पण बघून द्यावी

२०१९ मध्ये महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मदत आली. तिचे उपकार विसरता येणार नाहीत. पण रस्त्यावरच्या गावाला पाच-पाच ट्रक आणि आतल्या वाडीला एकही नाही, असेही झाले. जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले. पूर ओसरल्यावर ज्याच्या घरात घोटाभर चिखल असतो, त्याला खराटा, फावडे, जंतुनाशक, गॅसची शेगडी, पोरांची वह्या-पुस्तके हवी असतात. जनावराला कडबा आणि पेंड हवी असते. आणि ज्याची जुलैत लावलेली आडसाली कुजली, त्याला दुबार लागणीसाठी बेणे हवे असते. हे बेणे मुंबईहून येणार नाही. ते माळावरच्या सभासदाच्या मळ्यातूनच येईल.

खरी परीक्षा गळीत हंगामात

आता थोडे नाजूक बोलतो. पुराच्या दिवसांत जेवण देणे सोपे असते. आपली तोडणीची पाळी देणे अवघड असते.

कमरेएवढे पाणी दोन-तीन दिवसांत उतरले तर ऊस तगतो. पण शेंडाच पाण्याखाली राहिला आणि पोंग्यात गाळ बसला, की कोंब कुजतो. मग कांडीवरचे डोळे फुटून पांगशा येतात, कांड्यांना मुळ्या सुटतात, ऊस आतून पोकळ होत जातो. असा बुडीत ऊस जितके दिवस उभा, तितके वजन आणि साखर दोन्ही घटणार. लागण तारखेच्या क्रमाने त्याची पाळी येईपर्यंत फडात राहते ते सरपण. म्हणून बुडीत उसाला आधी तोड मिळावी, हे मागणे न्यायाचे आहे.

पण दुसरी बाजूही खरी आहे. एकाचा ऊस आधी आला म्हणजे दुसऱ्याचा मागे गेला. त्याचा ऊस उन्हाळ्याकडे सरकणार, खोडवा उशिरा फुटणार, रानात गहू-हरभरा करायचा विचार असेल तर तो बारगळणार. शिवाय बुडीत ऊस एकदम गव्हाणीत पडला तर उतारा खाली येतो, आणि दर उताऱ्यावर ठरत असल्याने सगळ्यांच्याच पदरी कमी पडते. त्यातच नदीकाठच्या रानाला लवकर वाफसा येत नाही, गाडी आत जात नाही. म्हणजे नुसते ‘आधी तोडा’ म्हणून भागत नाही.

यावर आमचे सरळ म्हणणे असे, की हा नियम पूर येण्याआधी, सगळ्यांच्या डोक्यात थंड रक्त असताना ठरावा. पाणी ओसरल्यावर ठरवायला बसलो तर ज्याचा वशिला त्याचा ऊस बुडीत ठरेल, आणि खरा बुडालेला बांधावर उभा राहील. पाहणी करताना शेतकी खात्याच्या माणसाबरोबर त्याच गावचे दोन सभासद असावेत, एक नदीकाठचा आणि एक माळाचा. यादी गट ऑफिसच्या भिंतीवर लागावी. बुडीत उसाबरोबर चांगला ऊस ठरावीक प्रमाणात गाळावा. आणि ज्याने यंदा पाळी दिली, त्याची नोंद राहून पुढच्या हंगामात त्याला झुकते माप मिळावे. उपकार म्हणून दिलेली पाळी एकदाच मिळते. नियमाने दिलेली पाळी दरवर्षी मिळते.

गावाने एवढे तरी करावे

१) वृद्ध, आजारी, अपंग, बाळंतीण आणि गरोदर बाई कोणत्या घरात आहे, याची वाडीवार यादी मेअखेर करावी, आणि प्रत्येक घरासाठी एका शेजाऱ्याचे नाव लावावे.

२) उसतोड मजुरांच्या आणि सालगड्यांच्या खोपी सखल जागी असतात. यादीत त्यांची नावे पहिली घालावीत. ते सभासद नसले तरी आपलेच आहेत.

३) जनावरे कोणत्या माळावर न्यायची ते ठरवावे. तिथल्या सभासदाची संमती आधी घ्यावी, आणि कडब्याची गंजी तिथे आधी पोचवावी.

४) बोट असेल तर तिच्यावर माणसांचा आकडा रंगवावा. जाकिटे मोजून ठेवावीत, आणि आकड्यापुढे एकही माणूस चढवू नये, मग तो सरपंच असो की संचालक.

५) इशारा देणाऱ्यांत निम्म्या बायका असाव्यात.

६) मळ्यात बेणे राखू शकणाऱ्या माळाच्या सभासदांनी गट ऑफिसला नाव द्यावे.

या कामाला फार पैसा लागत नाही. एक वही लागते आणि दोन संध्याकाळी लागतात. आपल्या आधीच्या पिढीने एकेक शेअर गोळा करून कारखाने उभे केले, ते एकट्याला जमणारे नव्हते म्हणूनच. पुराचेही तसेच आहे. नदी बांध बघून थांबत नाही, आणि एकट्याच्या मळ्यापुरती येत नाही. येत्या गटसभेत हा विषय प्रत्येक गावाने मांडावा, आणि यादी करूनच उठावे, एवढी आमची विनंती आहे.