नदीला परत द्यायचे पाणी

सकाळी अंघोळ केल्यावर मोरीतून वाहून जाणारे पाणी पुढे कोठे जाते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? नळाला पाणी कोठून येते, हे पुष्कळांना सांगता येते. धरणाचे नाव, टाकीची जागा, पाणी सुटण्याची वेळ हे सारे घरात पाठ असते. गेलेल्या पाण्याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. पण एखादे शहर आपल्या परिसराची काळजी किती घेते, हे पाहायचे असेल तर नळापेक्षा नाल्याकडे पाहावे लागते. कोल्हापूर शहराचे उदाहरण घेऊन ही पाहणी कशी करायची ते आपण समजून घेऊ.

पाण्याची वाट

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती अशा पाच प्रवाहांची मिळून पंचगंगा झाली, असे मानतात. प्रयाग चिखली येथे संगम झाल्यावर ही नदी कोल्हापूर शहराला वळसा घालते, इचलकरंजीजवळून पुढे जाते आणि शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडी येथे कृष्णेला मिळते.

शहर उंचावर आणि नदी खाली, अशी कोल्हापूरची रचना आहे. त्यामुळे पावसाचे पाणी असो की घराघरांतील सांडपाणी असो, ते उताराने नाल्यांत उतरते आणि नाले नदीकडे धावतात. जयंती, दुधाळी, लाईन बाजार, बापट कॅम्प ही त्यांतील काही नाल्यांची नावे. यांतला जयंती नाला सर्वांत मोठा. दक्षिणेकडील कात्यायनीच्या डोंगराळ भागात तो उगम पावतो आणि शहराच्या मध्यातून वाहत पंचगंगेकडे जातो. जुनी माणसे त्याला आजही जयंती नदी म्हणतात. नदीचा नाला कसा झाला, हे वेगळे सांगावयास नको.

किती पाणी?

आता थोडे गणित करू. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. शहरात दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी लागते, असे नियोजनात धरले जाते. म्हणजे एका दिवसाचे सुमारे ७ कोटी ४१ लाख लिटर पाणी झाले. यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. पिण्यात, झाडांना घालण्यात व वाळून जाण्यात उरलेले संपते. तेव्हा त्या वेळच्या लोकसंख्येचे सांडपाणी दररोज सुमारे ५ कोटी ९३ लाख लिटर होते. त्यात देवदर्शनाला येणारे यात्रेकरू, खानावळी, दवाखाने, बाजार आणि त्यानंतर वाढलेली वस्ती यांची भर घाला.

शहराची नगरपालिका १८५४ साली स्थापन झाली आणि १९७२ साली तिची महानगरपालिका झाली. या संस्थेपुढचा प्रश्न असा की, रोज न चुकता येणाऱ्या एवढ्या पाण्याचे काय करायचे?

नदीचा श्वास

मासे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. बहुतेक माशांना निदान ४ ते ५ मिलिग्रॅम तरी लागतो. म्हणजे नदीची शिल्लक मुळातच फार थोडी असते.

आता या पाण्यात सांडपाणी मिसळले तर काय होते? सांडपाण्यातील अन्नाचे कण, मैला, साबण यांवर सूक्ष्म जीवाणू तुटून पडतात. ते हे पदार्थ खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. एक लिटर पाण्यातील घाण खाऊन टाकण्यासाठी जीवाणूंना किती प्राणवायू लागतो, हे मोजता येते. या मापाला 'जैवरासायनिक प्राणवायू मागणी' म्हणतात. तंत्रज्ञ त्याला थोडक्यात बी. ओ. डी. म्हणतात. आपल्याकडे पाण्याचा नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून हे माप काढतात.

शहरातील कच्च्या सांडपाण्याची बी. ओ. डी. लिटरला साधारण २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. स्वच्छ पाण्यातील शिल्लक ८ मिलिग्रॅम. २०० ला ८ ने भागा. उत्तर येते २५. याचा अर्थ असा की, एक लिटर कच्चे सांडपाणी २५ लिटर स्वच्छ पाण्यातील सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकते! नदी वाहताना हवेतून नवा प्राणवायू घेत असते हे खरे. पण खर्च जमेपेक्षा जास्त झाला की तिचे दिवाळे निघते. मग प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू माजतात, पाणी काळे पडते, दुर्गंधी सुटते आणि मासे तडफडून वर येतात.

टाकीतले विरजण

नदीत होणारे हेच काम नदीत जाण्यापूर्वी एका टाकीत उरकून घेणे, हा सांडपाणी शुद्धीकरणाचा सारा मतलब आहे. कोल्हापूर महानगरपालिकेने कसबा बावडा येथे दररोज ७६ दशलक्ष लिटर, म्हणजे ७ कोटी ६० लाख लिटर सांडपाणी शुद्ध करण्याच्या क्षमतेचे केंद्र उभारले. २०१४ च्या सुमारास ते सुरू झाले. दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटर क्षमतेचे आणखी एक केंद्र आहे. जयंती नाल्याचे पाणी नदीत पडण्याआधी बांध घालून अडवितात आणि पंपांनी उपसून बावड्याकडे पाठवितात.

केंद्रात पाणी प्रथम जाळ्यांतून जाते. तेथे चिंध्या, प्लॅस्टिक, लाकडाचे तुकडे अडकतात. मग वाळू व खडे तळाशी बसतात. त्यानंतर पाणी मोठ्या टाक्यांत सोडतात. टाकी भरते, तळातून हवेचे बुडबुडे सोडले जातात, जीवाणू भरपूर प्राणवायू घेऊन घाण खातात आणि त्यांची संख्या वाढते. मग हवा बंद करतात. पाणी निवळते, जीवाणूंचे गोळे गाळ होऊन खाली बसतात आणि वरचे नितळ पाणी अलगद काढून घेतात. लगेच दुसरा घाणा भरतात. एकाच टाकीत ही कामे पाळीपाळीने होत असल्यामुळे या पद्धतीला क्रमवार टाकी पद्धत म्हणता येईल.

या वेळी सगळा गाळ काढून टाकीत नाहीत. थोडा टाकीतच ठेवतात. असे का? आई दही लावताना कालचे थोडे विरजण राखून ठेवते, तसाच हा प्रकार. राखलेल्या गाळातील जीवाणू नव्या पाण्यावर लगेच कामाला लागतात. शेवटी क्लोरीन देऊन रोगजंतू मारतात आणि पाणी बाहेर सोडतात.

चांगले चालणारे केंद्र २०० ची बी. ओ. डी. १० पर्यंत खाली आणू शकते. बावड्याचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले, तर त्याचा हिशेब पाहा. ७ कोटी ६० लाख लिटर कच्चे पाणी नदीकडे रोज १५,२०० किलोग्रॅम प्राणवायू मागेल. शुद्ध केलेले पाणी मागेल फक्त ७६० किलोग्रॅम. मधला फरक म्हणजे नदीचा वाचलेला श्वास.

यंत्र कोठे थकते?

परंतु केंद्र बांधले म्हणजे प्रश्न सुटला, असे समजू नका. पंपाला वीज लागते आणि टाकीत हवा सोडण्यासाठी तर सर्वांत जास्त वीज लागते. वीज गेली, पंप बिघडला किंवा वाहिनी फुटली, तर नाला थांबत नाही. तो बांधावरून थेट नदीत पडतो. नव्या उपनगरांत घरे आधी होतात आणि भुयारी गटारे मागाहून येतात. ज्या घराचे पाणी गटाराला जोडलेलेच नाही, त्याला केंद्राचा उपयोग काय?

पावसाळ्यात नाल्याला लोंढा येतो. तो सगळा उपसणे कोणत्याही पंपाला शक्य नसते. महापूर आला तर यंत्रेच पाण्याखाली जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहराच्या पाणीपुरवठ्याचे पंपही बुडाले आणि पूर भोवती असताना नळ मात्र कोरडे राहिले.

तरीही नदीला सर्वांत कठीण काळ पावसाळ्याचा नव्हे, उन्हाळ्याचा. पाऊस संपला की शेतीसाठी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे घालून पाणी अडवितात. हे बंधारे या भागाला वरदान ठरले आहेत. पण अडलेले पाणी संथ असते, हवेतून प्राणवायू हळू घेते आणि उन्हाने तापल्यावर प्राणवायू त्यात मावतोही कमी. अशा पाण्यात वरून मैलापाणी आले की शिल्लक झटकन संपते. शिरोळ तालुक्यातील बंधाऱ्यांपाशी उन्हाळ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात, त्यामागचे एक मोठे कारण हेच.

रंकाळा आणि काहील

नदीची घाण निदान पुढे वाहून जाते. तलावाला तीही सोय नाही. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती, असे सांगतात. शहर वाढले तसे आसपासच्या वस्तीचे सांडपाणी श्याम सोसायटी नाल्यासारख्या वाटांनी तलावात येऊ लागले. सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतो. शेताला जे खत, तेच पाण्यातील शेवाळाला आणि जलपर्णीलाही खत! त्यामुळे रंकाळ्याचे पाणी काही वर्षी हिरव्या रंगासारखे दाट झाले. जलपर्णी काढून टाकणे हा तात्पुरता उपाय. नाला वळवून शुद्धीकरण केंद्राकडे नेणे हा खरा उपाय. आणि महापालिकेने तेच काम हाती घेतले.

गणेशोत्सवातील उपायही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती पाण्यात सहज विरघळत नाहीत आणि काही रंगांत विषारी धातू असतात. म्हणून मूर्तिदानाची चळवळ झाली, निर्माल्य वेगळे गोळा करून त्याचे खत होऊ लागले, ठिकठिकाणी विसर्जनकुंडे ठेवली गेली. गूळ करण्याच्या काहिलीही या कामी आल्या! मोठ्या मूर्तींसाठी रंकाळ्याशेजारच्या इराणी खणीचा वापर होतो. असे उपाय नागरिकांच्या संमतीवाचून तडीस जात नाहीत.

खालच्या गावाचे पाणी

कोल्हापूरने अनेक वर्षे बालिंगा व शिंगणापूर येथून नदीचे पाणी उचलले. काळम्मावाडी धरणातून थेट नळ टाकावा, यासाठी शहरात दीर्घकाळ आंदोलन चालले आणि २०२३ साली ते पाणी शहरात पोहोचले. शहराची तहान आता दूरच्या धरणावर भागू शकते. पण सांडपाणी मात्र पंचगंगेतच उतरते आणि ती नदी पुढच्या गावांची आहे.

या गावांचे दुखणे काय असते? २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात अनेकांचे बळी गेले. ही कावीळ हिपॅटायटिस-ई या विषाणूची होती. हा विषाणू मुख्यतः मैलापाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्यातून पसरतो. मैलापाणी नदीत मिसळते, तसेच फुटक्या नळातूनही आत शिरते. इचलकरंजीही निर्दोष नाही. तेथील कापड उद्योगाचे रंगीत पाणी ओढ्यावाटे पंचगंगेत जात आले आहे आणि तिच्याही खाली गावे आहेतच. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांतील ५३ महाराष्ट्रातले होते आणि पंचगंगा त्यांत होती.

महापालिकेची हद्द नकाशावर संपते, पाण्याची संपत नाही. म्हणूनच जलप्रदूषणाचा कायदा राज्याला १९६९ साली आणि देशाला १९७४ साली करावा लागला. आपल्या शहराच्या पर्यावरणाची स्थिती सांगणारा अहवाल दरवर्षी तयार करणे महानगरपालिकांवर कायद्याने बंधनकारक आहे. शिक्षकांनी असा अहवाल मिळवून वर्गात अवश्य वाचावा. त्यात तीन आकडे शोधा: सांडपाणी किती निर्माण झाले, किती केंद्रापर्यंत पोहोचले आणि बाहेर पडताना त्याची बी. ओ. डी. किती होती. पहिल्या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे नदीत थेट गेलेले पाणी.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली एक सोपा प्रयोग करता येईल. घट्ट बुचाच्या सारख्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. दोन्हींत तलावाचे किंवा विहिरीचे पाणी काठोकाठ भरा. नाल्याचे पाणी हाताळू नका. एका बाटलीत अर्धा चमचा दूध घाला. दोन्हींत मिथिलीन ब्लूच्या द्रावाचे सारखेच थेंब, फिका निळा रंग येईल इतके, टाका. हवेचा बुडबुडा न ठेवता बुचे लावा आणि बाटल्या अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा. दर काही तासांनी पाहून रंगाची नोंद करा.

दुधाच्या बाटलीतील निळा रंग आधी फिका होऊ लागेल. दूध हे जीवाणूंचे अन्न. ते खाताना जीवाणूंनी प्राणवायू संपविला की मिथिलीन ब्लूचा रंग जातो. आता बूच काढून थोडे पाणी ओता आणि बाटली जोराने हलवा. हवेतील प्राणवायू मिसळताच निळा रंग परत येईल. शुद्धीकरण केंद्राच्या टाकीत हवा का सोडतात, ते आता तुमच्या ध्यानात येईल. बाटल्या धुण्यापूर्वी वहीत एवढेच लिहून ठेवा: रंग जायला किती तास लागले आणि दूध किती होते. पुढच्या वेळी दूध निम्मे करून पाहा.