धार राखणारा पट्टा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा असतो. त्या दिवशी आपण लाकडाचे नंदीबैल सजवून मिरवतो. ते बैल सुतारकाका कोरतात. बैलाचे कान आणि शिंगं फार नाजूक असतात. बोथट सुरीने लाकूड कापलं जात नाही, तुटतं. कान तुटला की सगळी मेहनत वाया जाते. शिवाय बोथट सुरीवर जोर द्यावा लागतो. मग ती घसरते आणि हात कापतो. धारदार सुरी अलगद चालते. म्हणून सुतारकाका जवळ एक चामड्याचा पट्टा ठेवतात. त्याची माहिती मी देत आहे.

दगड असताना पट्टा कशाला? दगडावर घासल्याने पातं झिजतं आणि धार येते. पण धारेच्या टोकाला लोखंडाची केसासारखी बारीक कड राहते. ती डोळ्यांना दिसत नाही, बोटाला खरखरीत लागते. चामड्यावर घासल्याने ती कड निघून जाते आणि धार गुळगुळीत होते. पट्ट्यावर पातं अगदी थोडं झिजतं. त्यामुळे सुरी पुष्कळ वर्षं टिकते.

पट्टा कसा करतात? सुमारे एक फूट लांब आणि दोन-तीन इंच रुंद सपाट फळी घ्यावी. त्यावर घट्ट चामड्याचा तुकडा खरखरीत बाजू वर ठेवून चिकटवावा. बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं चांगलं. मऊ चामडं पात्याखाली दबतं आणि धारेमागे पुन्हा वर येतं, त्यामुळे धार गोल होते. चामडं वाळल्यावर त्यावर हिरव्या पॉलिशची वडी खडूसारखी घासावी. त्या पॉलिशमध्ये क्रोमियम ऑक्साइड असतं. त्याचे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे असतात. एक मिलिमीटरचे १००० सारखे भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन! एवढे बारीक कण लोखंडाला चमक आणतात. वडी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

सुरी कशी घासावी?
१) दगडावर जेवढी तिरपी धरली होती, तेवढीच तिरपी धरावी.
२) पात्याची पाठ पुढे आणि धार मागे ठेवावी. उलट केलं तर चामडं कापलं जाईल.
३) जोर देऊ नये. सुरीच्या वजनाएवढाच भार पुरे.
४) टोकाला पोचल्यावर आधी थांबावं, मग सुरी उचलावी. हात वळवत उचलली तर धार गोल होते.
५) दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात, प्रत्येकी १०-१५ वेळा.

धार आली का ते अंगठ्यावर बघू नका! कागद धरून कापावा. सरसर कापला तर धार छान आहे. काम करताना मधूनमधून सुरी पट्ट्यावर फिरवावी. पट्ट्याने धार येईनाशी झाली, की पुन्हा दगड घ्यावा.

पट्ट्याची निगा. घासता घासता पट्टा काळा होतो. तो काळेपणा म्हणजे पात्याचं झिजलेलं लोखंड. फार काळा आणि गुळगुळीत झाला, की पत्र्याच्या कडेने खरवडावा, पॉलिश पेपर हलका फिरवावा आणि परत वडी लावावी. पट्टा भिजू देऊ नये, उन्हात ठेवू नये. भिजून वाळलेलं चामडं कडक होऊन आक्रसतं. तेल फार लावलं तर ते मऊ पडतं. धूळ बसू नये म्हणून पट्टा फडक्यात गुंडाळून ठेवावा. वाळूचा एक कण राहिला तरी धारेला दात पडतात.

पूर्वी न्हावीकाकांच्या दुकानातही असा लांब पट्टा टांगलेला असे. त्यावर वस्तरा फिरवून मगच दाढी करत. आता वस्तऱ्यात नवं ब्लेड घालतात, म्हणून तो पट्टा दिसत नाही. घरी आजोबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल.

सुरी मोठ्या माणसांसमोरच हातात घ्यावी. आणि लक्षात ठेवा, दगड धार करतो, पण पट्टा धार राखतो!