खरेदीखतातली किंमत

अमेरिकेत टेक्सससारख्या राज्यात जमिनीच्या विक्रीची किंमत सरकारदरबारी उघड करण्याचे बंधन नाही. तिथल्या ग्रामीण मूल्यांकनकाराला ती दलाल किंवा मालकाकडून विश्वासाने मिळवावी लागते. आपल्याकडे कायदा नेमका उलट आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांची पहिली वही आणि तिच्या सूची कोणालाही फी भरून पाहता येतात, नकलाही मिळतात. चंद्रपूर असो की गडचिरोली, 'इंडेक्स टू' सर्वांना खुला आहे. तरीही खरी किंमत गुपितच राहते, कारण ती अनेकदा त्या वहीत लिहिलेलीच नसते.

मुद्रांक शुल्क रेडी रेकनरचा दर आणि दस्तातली रक्कम यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. त्यामुळे व्यवहार त्याहून चढा झाला, तरी दस्तात सरकारी दराइतकीच रक्कम लिहिण्याचा मोह होतो. उरलेले पैसे रोखीने हातोहात जातात. ग्रामीण शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता नसते. म्हणजे विकणाऱ्या शेतकऱ्याला लपवण्याचे फारसे कारण नसते. शुल्क वाचते ते घेणाऱ्याचे.

भूसंपादन आले की हे लपवणे महागात पडते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ नुसार बाजारमूल्य ठरवताना मागील ३ वर्षांतील आसपासच्या विक्रीदस्तांपैकी चढ्या किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरीही पाहिली जाते. समजा, ४ दस्तांत एकरी ३, ४, ५ आणि ६ लाख लिहिले आहेत. सरासरी साडेपाच लाख येते. शेवटचा व्यवहार प्रत्यक्षात ९ लाखांचा असेल, तर ती ७ लाख झाली असती. गुणक १ धरला तरी शंभर टक्के दिलासा रक्कम मिळून एकरी ३ लाखांचे नुकसान, आणि तेही ज्याने काहीच लपवले नाही अशा शेजाऱ्याचे.

जंगलपट्ट्यात ही साखळी आणखी लांब जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ मुळे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाने जाते, विकता येत नाही. अशा गावात तुलनेला दस्तच नसतात. तिथे राज्य सरकारने लगतच्या भागातील तशाच जमिनीच्या किमतींवरून किमान दर ठरवावा, असे कलम २६ सांगते. म्हणजे ज्या आदिवासी शेतकऱ्याने कधी जमीन विकलीच नाही, त्याच्या जमिनीचा भाव शेजारच्या मुलखातील खोट्या आकड्यावर ठरू शकतो.

मूल्यांकनकाराने मालकाचे नाव गुप्त ठेवून खरा दर, मातीचा पोत, पाणी, रस्ता आणि व्यवहाराचा महिना टिपून ठेवावा. बँकेच्या कर्जाला, घरातल्या वाटणीला अशी माहिती मोलाची असते. मोबदल्याच्या हिशेबात मात्र तोंडी भाव उभा राहत नाही. तिथे दस्त बोलतो. म्हणून खरी रक्कम लिहिण्याची जागा रजिस्ट्रीच्या टेबलावरच आहे. तिथे वाचवलेले शुल्क एका खरेदीदाराचे असते, त्याची भरपाई पंचक्रोशी करते.